फुकटची फेरी

काहीतरी फुकट मिळतंय असं कळलं की काकाचे कान टवकारतात. दाण्याची, चंदीची बादली वाजली की घोड्यांचे टवकारतात ना, अगदी तसे. त्या सकाळी फोन खिशात टाकत तो स्वयंपाकघरात शिरला तेव्हा त्याचे कान तसेच झाले होते, आणि ते बघून झिपरीने हातातली पोळी खाली ठेवली.

झिपरी हे नाव काकानेच ठेवलेलं. पाळण्यात असल्यापासून तिच्या केसांनी कुणाचं ऐकलेलं नव्हतं. हल्ली तीही कुणाचं ऐकेनाशी झाली होती, आणि त्याचं खापरसुद्धा काका केसांवरच फोडायचा.

"दादा, त्या घोडेवाल्याचा फोन होता," काका बाबांना म्हणाला. "आपली फेरी अजून शिल्लक आहे. हा हंगाम संपला की गेली. मी सांगून टाकलं, मिरी येतेय म्हणून."

बाबांनी चहाच्या कपात पाहिलं. "बघू," ते म्हणाले.

बाबांच्या 'बघू'चा अर्थ घरात सगळ्यांना पाठ होता. 'बघू' म्हणजे काका म्हणतो तेच, फक्त जरा उशिरा.

आई ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून पातेलं घासत होती. तिचा हात थांबला. मग पुन्हा सुरू झाला, पण आता पातेल्याचा काहीतरी गुन्हा असावा अशा जोराने.

ही फेरी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं, नाहीतर झिपरी एवढी का पेटली ते कळायचं नाही. घरामागे त्यांचा तबेला होता आणि तबेल्यापुढे रिंगण. बाबा तिथे मुलांना घोड्यावर बसायला शिकवायचे आणि बाकीची उलाढाल काका बघायचा. मिरी ही त्यांची सगळ्यात देखणी घोडी, नावासारखीच काळी आणि स्वभावानेही तिखट. दोन वर्षांपूर्वी तिच्या पुढच्या पायाची शीर दुखावली आणि तिच्यावर बसणं बंद झालं. त्यावर काका म्हणाला, "नुसती बसून खातेय. एखादं शिंगरू तरी देईल." मग तिला एका घोडेवाल्याकडे पाठवलं. त्याचा घोडा नावाजलेला होता. या धंद्यातला नियम असा की पैसे एकदाच द्यायचे, पण शिंगरू जिवंत जन्मून स्वतःच्या पायांवर उभं राहिलं नाही, तर त्याच घोडीला पुढच्या हंगामात त्या घोड्याकडे एक फेरी फुकट.

मिरीचं शिंगरू मेलेलं जन्मलं. म्हणून फेरी फुकट.

माणसांच्या दृष्टीने नियम अगदी न्यायाचा होता. झिपरीला मात्र तो ऐकला की काहीतरी उचलून फेकावंसं वाटायचं. मिरी मरता मरता वाचली, आणि तिला भरपाई काय, तर पुन्हा तेच.

"तिला विचारलंस का?" झिपरी म्हणाली.

"कुणाला?"

"मिरीला."

काका हसला. "बाबांना विचारलं, ते बघू म्हणाले. मिरीला विचारायचं काम तुझं आहे. उद्यापासून नवरदेवाला घेऊन जा रोज."

नवरदेव म्हणजे तबेल्यातला बुटका, म्हातारा, गोल पोटाचा घोडा. एवढ्या मोठ्या घोडीला गाभण करणं त्याच्या आवाक्याबाहेरचं होतं. त्याचं काम फक्त चौकशीचं. घोडी माजावर आलीय की नाही हे घोड्यालाच कळतं, म्हणून रोज सकाळी त्याला मिरीसमोर न्यायचं, मध्ये जाड फळी. फळीवर जुनी गादी ठोकलेली, लाथ बसली तर कुणाचा पाय मोडू नये म्हणून. घोडी तयार नसेल तर कान पाडते, किंचाळते, लाथ झाडते. असेल तर फळीला टेकून उभी राहते, शेपटी बाजूला घेते, आणि चेहरा असा करते की नवरदेवाला वाटावं, आज लग्न लागणार. मग नवरदेवाला ओढून परत न्यायचं आणि मिरीला गाडीत घालून त्या नावाजलेल्या घोड्याकडे पाठवायचं. नवरदेव बिचारा आयुष्यभर मांडवाच्या दारातून परत आलेला. हे काम शाळेआधी झिपरी करायची, कारण तो तिच्याच हाती शहाण्यासारखा चालायचा. त्या वेळी बाबा रिंगणात असायचे आणि काका अंथरुणात.

पहिले काही दिवस मिरीने लाथाच झाडल्या. झिपरी घरात येऊन खुशीत सांगायची, "नाही म्हणाली." काका दाढी करता करता म्हणायचा, "म्हणेल, म्हणेल."

आणि मग एका सकाळी मिरी फळीला टेकली.

झिपरी दोरी धरून उभी राहिली. मिरीने शेपटी बाजूला घेतली. नवरदेव मान उंच करून असा खिंकाळला की अंगणातल्या चिमण्या उडाल्या. झिपरीने त्याचं तोंड दाबलं. घोड्याचं तोंड असं दाबता येत नाही हे तिला माहीत होतं, तरी दाबलं.

"गप रे," ती त्याला म्हणाली. "गप. आणि तू गं? तुला काहीच आठवत नाही का?"

मिरीला काही आठवत नव्हतं. झिपरीला सगळं आठवत होतं. शिंगराचा एक पाय आत मागे दुमडून अडकलेला. काकाने हात घालून बघितला, तो मनगटाच्या वर जाईना. बाबांचाही जाईना. शेवटी आईने बांगड्या काढून ठेवल्या, कोपरापर्यंत साबण लावला आणि हात घातला. प्रत्येक कळेसरशी मिरीचं अंग आईचा हात आतल्या आत चिरडत होतं, आणि आई गाल घोडीच्या मांडीला टेकवून तो पाय शोधत होती. शिंगरू निघालं तेव्हा त्यात जीव नव्हता. मिरी आतून फाटली होती. वार पडली नाही, ताप चढला, तो खुरांत उतरला. मग कितीतरी दिवस तिचे पाय बर्फाच्या पाण्यात ठेवायचे. बर्फ फोडायचा झिपरीने, बादल्या ओतायच्या आईने. आईच्या उजव्या हाताची दोन बोटं अजूनही सकाळी लवकर मिटत नाहीत.

काकाच्या हिशोबात एवढंच होतं, की फेरी फुकट.

"काय म्हणाली?" घरात गेल्यावर काकाने विचारलं. तोंडावर साबणाचा फेस होता.

"नाही म्हणाली," झिपरी म्हणाली.

तिने काही ठरवलेलं नव्हतं. शब्द तोंडातून बाहेर पडला आणि काका पुढचा गाल खरवडायला लागला. खोटं बोलणं इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. शाळेत साध्या गृहपाठाबद्दल खोटं बोलताना तिचे कान लाल व्हायचे. इथे काहीच लाल झालं नाही. उलट दिवसभर ती वर्गात ताठ बसली, जणू तिने तबेल्याच्या दाराला आतून कडी घातली होती.

दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. माज ओसरला आणि मिरी खरोखरच लाथ झाडायला लागली, तेव्हा झिपरीने तिच्या कपाळावर कपाळ टेकवलं. "आता अशीच राहा," ती म्हणाली.

पण घोडी काही कायमची अशी राहत नाही. तीन आठवडे गेले आणि पुन्हा तेच: फळी, शेपटी, खिंकाळणं, "नाही म्हणाली." हंगाम संपत आला होता. काकाचे विनोद आटले. तो नवरदेवाच्या गाळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभा राहायला लागला, आणि झिपरीला ते बिलकूल आवडेना.

एका संध्याकाळी ती शाळेतून आली तर काका बाबांना सांगत होता, "दोष घोडीचा नाहीच दादा. हा म्हातारा संपलाय. याच्यात आता काही राहिलं नाही, म्हणून ती दाद देत नाही. मी व्यापाऱ्याशी बोललोय, उद्या दुपारी येऊन घेऊन जाईल."

"कुणाला?" झिपरीने दप्तर खांद्यावरून काढलंच नाही.

"तुझ्या नवरदेवाला. आणि सकाळी डॉक्टरीणबाई येतायत मशीन घेऊन. त्याच बघतील घोडीच्या आत काय चाललंय."

"व्यापारी त्याचं काय करणार?"

व्यापाऱ्याकडे गेलेला म्हातारा घोडा फार दिवस जगत नाही, हे तबेल्यात वाढलेल्या पोरीला सांगावं लागत नाही. झिपरीने बाबांकडे पाहिलं. बाबा हातातला नाल बघत होते, जणू त्याच्यावर काहीतरी लिहिलेलं असावं.

"बाबा?"

"बघू गं."

त्या शब्दाचं गाठोडं करून विहिरीत टाकावं असं तिला वाटलं.

सकाळी ती शाळेला गेली नाही. कुणी विचारलंही नाही. डॉक्टरीणबाई मोठ्या बुटांत चालत आल्या, खांद्यापर्यंत येणारा प्लास्टिकचा हातमोजा चढवला, आणि मिरीला लाकडी चौकटीत उभं करून तपासायला लागल्या. काकाने मशीनचा छोटा पडदा धरला होता. बाबा मिरीचं तोंड धरून उभे होते. आई चंदीची बादली घेऊन दारात येऊन थांबली.

"अहो, ही तर छान माजावर आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हे बघा, हा काळा गोळा दिसतोय ना, हे बीज. उद्या-परवा सुटेल. कोण म्हणालं ही माजावर येत नाही?"

"आमचा घोडा," काका म्हणाला. "म्हातारा झालाय. म्हणूनच आज त्याला काढतोय."

नवरदेव पलीकडच्या गाळ्यातून मान काढून त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या ओठाला गवताची काडी चिकटलेली होती.

"नवरदेवाची काही चूक नाही," झिपरी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "त्याने बरोबर सांगितलं होतं. दोन्ही वेळा. खोटं मी बोलले."

काकाने पडदा खाली केला. "काय बोललीस?"

"मिरी हो म्हणत होती. मी तुला येऊन नाही सांगायचे."

काकाचा चेहरा गळ्यापासून वरपर्यंत लाल होत गेला. "म्हणजे महिनाभर तू मला उल्लू बनवत होतीस? मी त्या माणसाला रोज थापा मारतोय, आज पाठवतो, उद्या पाठवतो. आणि ही कारटी घरात बसून..."

"तबेल्यात उभी राहून," झिपरी म्हणाली. "घरात तू बसायचास."

"तोंड बघा हिचं. वहिनी, आवरा तुमच्या लेकीला."

आईने बादली खाली ठेवली. "खोटं बोलायला नको होतंस," ती झिपरीला म्हणाली. "सरळ नको म्हणायचं होतं."

"कुणाला म्हणू? हा ऐकत नाही आणि बाबा बघू म्हणतात. तूसुद्धा पातेलीच घासत बसतेस." हे बोलताना झिपरीला रडू फुटत होतं आणि त्याचा तिला आणखी राग येत होता. "तुझा हात बघ. बोटं मिटतात का तुझी? सांग ना यांना. कुणीच काही बोलत नाही या घरात."

आईने उजवा हात पदराखाली घेतला. काका मात्र थांबायच्या बेतात नव्हता.

"अगं पण मिरीलाच हवंय ना," तो डॉक्टरीणबाईंकडे हात करून म्हणाला. "हा बघ पडदा. मीच दुष्ट, आणि तुला घोडीच्या मनातलं कळतं. ती स्वतः हो म्हणतेय."

"तिला नवरदेवापलीकडचं दिसत नाही," झिपरी म्हणाली. "अकरा महिन्यांनंतरचं बाळंतपण तिला दिसतच नाही, काका. तुला दिसतं. तू बघितलंयस. म्हणून हो-नाही तू म्हणायचं असतं, तिच्या डोक्यावर टाकायचं नसतं."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजा उतरवला. "मागच्या वेळी काही झालं होतं का?" त्यांनी विचारलं. त्या या तबेल्यात पहिल्यांदाच आल्या होत्या. "गर्भाशयाच्या तोंडाशी जुना व्रण लागला हाताला. तुम्ही बोलला नाहीत."

"किरकोळ," काका म्हणाला. "शिंगरू जरा आडवं होतं. निघालं."

"गाभण राहील ती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण व्रण ताणला जात नाही. पुन्हा अडकू शकतं. या वेळी घोडी दगावेलही. नाहीही दगावणार. निर्णय तुमचा, मी फक्त काय आहे ते सांगते."

झिपरीला त्यांचाही राग आला. सगळ्यांकडे काय आहे ते सांगायला तोंड होतं, पुढचं वाक्य मात्र कुणाकडेच नव्हतं.

आणि तेव्हा आई पुढे आली.

"भाऊजी," ती म्हणाली, "पुढच्या वेळी हात कुणाचा?"

"म्हणजे?"

"शिंगरू अडकलं तर आत हात कोण घालणार?"

"आता ते... तेव्हाचं तेव्हा बघता येईल. तुम्ही आहातच की वहिनी. तुमचा हात बारीक."

"माझा हात नाही मिळणार," आई म्हणाली. शेजारणीने पिशवी मागावी आणि ती नाही मिळणार म्हणून सांगावं, इतक्या साध्या सुरात. "मागच्या वेळी न विचारता घेतलात. मी दिला. आता विचारलंत तर सांगते, नाही. तुमचा घाला."

"घालीन," काका म्हणाला. "त्यात काय एवढं."

"मागच्या वेळी फोन करायला म्हणून बाहेर गेलात. पाण्याच्या टाकीमागे बसून ओकत होतात. मला खिडकीतून दिसत होतं. हात आत, आणि डोळे तुमच्याकडे."

वर्षभर ही गोष्ट आईने पोटात ठेवली होती, आणि आज चंदीच्या बादलीशेजारी अलगद ठेवून दिली. डॉक्टरीणबाई पडद्याची वायर गुंडाळण्यात एकदम गढून गेल्या. झिपरीला हसू आलं नाही. एरवी ती या गोष्टीवर आठवडाभर हसली असती. पण आईच्या मानेची शीर थाडथाड उडत होती, आणि झिपरीला पहिल्यांदाच कळलं की आई गप्प होती म्हणजे शांत नव्हती.

"अहो," आई बाबांकडे वळली. "तुम्ही बघू म्हणालात तर मी आत्ता या दारातून बाहेर जाईन, आणि बादली तुम्हीच उचला. कायमची."

बाबांनी मिरीच्या तोंडाची मोरकी सोडली. पुन्हा धरली. मग झिपरीच्या हातात दिली आणि फोन काढत बाहेर रिंगणाकडे गेले. काका त्यांच्यामागे जायला निघाला, पण आई दारात आडवी उभी राहिली, म्हणून तो थांबला.

कुंपणापाशी बाबा फोनवर बोलत होते. शब्द ऐकू येत नव्हते, नुसती पाठ दिसत होती. फार वेळ लागला नाही. ते परत आले.

"सांगितलं त्याला. आमची घोडी येणार नाही."

"दादा, फेरी जाईल," काका म्हणाला. "निदान दुसऱ्या कुणाला तरी विकू. अर्ध्या किमतीत सुद्धा लोक..."

"विचारलं मी. मिरीच्याच नावावर आहे, दुसरी घोडी चालत नाही. त्याला म्हटलं, जाऊ दे फेरी. आणि तुझ्या व्यापाऱ्यालाही फोन करून सांग, इथे यायची गरज नाही."

काका पडदा डॉक्टरीणबाईंच्या हातात देऊन, कुणाकडेही न बघता निघून गेला. बुटांनी लीद तुडवत गेला, जे तो कधीच करत नाही.

झिपरीने मिरीला गाळ्यात नेलं. आता आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. राग जाईना, उलट तो आता बाबांवर जाऊन बसला. एक फोन. दोन वाक्यं. एवढंच काम होतं, आणि त्यासाठी तिला महिनाभर खोटं बोलावं लागलं, नवरदेव जाता जाता राहिला, आणि आईला टाकीमागची गोष्ट बाहेर काढावी लागली. दुपारी बाबा गाळ्याशी आले आणि म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं?"

"माझ्या मनासारखं नव्हतं करायचं," ती खरारा करत, मागे न वळता म्हणाली. "बरोबर होतं म्हणून करायचं होतं."

बाबा दुसरा खरारा घेऊन मिरीच्या पलीकडच्या बाजूने सुरू झाले. दोघांच्या मध्ये घोडी होती, ते बरंच झालं.

खोटं बोलल्याची शिक्षा मिळालीच. महिनाभर सगळ्या गाळ्यांची लीद तिने एकटीने काढायची. ती आईने दिली, काकाने नाही, म्हणून झिपरीने हूं की चूं केलं नाही. काकाने दिली ती शिक्षा वेगळी होती, आणि ती जास्त लागली. तिने काहीही सांगितलं की तो भुवई उचलून एकच शब्द विचारायचा. घोड्यांना पाणी पाजलं. "खरं?" रिंगणाचं फाटक लावलं. "खरं?" आधी तो फाटक बघायला कधी जायचा नाही. आता जायचा.

मिरीला कुठे पाठवायचं नव्हतं, तरी नवरदेव सकाळ झाली की गाळ्याच्या दाराला डोकं घासायचा. त्याला चौकशीची सवय लागलेली. त्याचा हिरमोड नको म्हणून झिपरी त्याला फळीपर्यंत एक चक्कर मारून आणायची.

एका सकाळी नेलं तेव्हा मिरीचा माज सरला होता. नवरदेवाने फळीवरून नाक पुढे केलं, मिरीने कान पाडले, किंचाळली, वळली, आणि मागच्या दोन्ही पायांनी अशी लाथ घातली की गादी फाटून कापूस उडाला आणि फळी मधोमध तडकली. नवरदेव झिपरीला ओढत चार पावलं मागे गेला.

काका आवाज ऐकून घराच्या दारात आला. गालावर साबणाचा फेस.

"काय झालं?" तो तिथूनच ओरडला. "काय म्हणतेय ती?"

"नाही म्हणतेय."

काकाची भुवई वर गेली. "खरं?"

झिपरीने कापूस केसांतून झटकला. नवरदेवाची दोरी हाताला दोन वेढे घेऊन घट्ट धरली.

"ये," ती म्हणाली. "स्वतः येऊन उभा राहा इथे, आणि विचार तिला."

काका दारातच उभा राहिला. फळीच्या पलीकडे मिरीने पुन्हा पाय उचलला.